सरोगसीचा कायदा आणि कष्टकरी स्त्री

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ठरला तेव्हा काही ज्येष्ठ सहकाऱ्यांनी नापसंती दर्शविली, असे संयोजकांनी मला सांगितले. ऊसतोड मजूर, धरणग्रस्त, घरकामगार ह्यांचे प्रश्न पुढ्यात असताना अपत्यहीन दाम्पत्यांच्या, आणि तेही बहुधा खाऊनपिऊन सुखी अशा दाम्पत्यांच्या, दुःखावर एक संध्याकाळ का खर्च करावी, अशी त्यांची शंका. शंका गैर नाही. परंतु ह्या व्यवहाराला दोन बाजू आहेत. एका बाजूला मूल हवे असलेले दाम्पत्य आहे. दुसऱ्या बाजूला जी स्त्री आहे, जी नऊ महिने दुसऱ्याचे मूल आपल्या कुशीत वाढवते, ती कोणत्या वर्गातून येते हे वेगळे सांगावयास नको. बंगल्यातील बाईने झोपडीतील बाईसाठी गर्भ वाढविल्याचे मी तरी ऐकलेले नाही. म्हणून हा विषय आपला आहे.

आरंभी थोडा इतिहास. शरीराबाहेर गर्भधारणा घडवून आणण्याचे तंत्र आपल्याकडे नवे नाही. डॉ. सुभाष मुखर्जी ह्यांनी १९७८ साली कलकत्त्यात ते साध्य केले आणि सरकारी उपेक्षेमुळे त्यांचा दुःखद अंत झाला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार ह्यांच्या प्रयत्नांनी असे बालक जन्माला आले. हे रुग्णालय महापालिकेचे, म्हणजे सार्वजनिक पैशावर चालणारे, हे ध्यानात ठेवा. त्या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे. तंत्र हाती आल्यावर एका स्त्रीचा गर्भ दुसरीच्या गर्भाशयात वाढविणे शक्य झाले, आणि ह्या शतकाच्या आरंभापासून त्याचा आपल्या देशात रीतसर धंदा झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण त्यांना कायद्याचे बळ नव्हते. गुजरातेतील आणंद हे दुधासाठी प्रसिद्ध असलेले गाव परदेशी दाम्पत्यांच्या तोंडी दुसऱ्याच कारणाने येऊ लागले. सहकाराने जेथे शेतकरी स्त्रीच्या दुधाला भाव मिळवून दिला, तेथेच तिच्या कुशीचाही भाव ठरू लागला.

२००८ साली ह्या धंद्याचे उघडे रूप न्यायालयासमोर आले. एका जपानी जोडप्यासाठी आणंद येथे मूल वाढत होते, आणि मूल जन्मण्यापूर्वीच त्या जोडप्याचा घटस्फोट झाला. त्या अर्भकाची आई कोण, त्याला पारपत्र कोणत्या देशाने द्यावयाचे, ह्या प्रश्नांची उत्तरे कोणापाशीच नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दुसऱ्या वर्षी विधी आयोगाने आपला २२८ वा अहवाल सादर केला. त्यात कृत्रिम प्रजननाचा हा उद्योग २५,००० कोटी रुपयांचा असल्याचे म्हटले आहे. असल्या आकड्यांवर मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून फारसा विसंबत नाही. पण आयोगाला हा व्यवहार एक उद्योग म्हणूनच मोजावा लागला, हे पुरेसे बोलके आहे.

पुढे सरकारने दारे एकेक करून लावून घेतली. २०१२ साली गृहखात्याने परदेशीयांपैकी केवळ विवाहित स्त्रीपुरुषांनाच व्हिसा देण्याचे ठरविले. झाले काय, तर धंदा थांबला नाही, तो नेपाळला गेला. नेपाळने आपल्या स्त्रियांना ह्या कामास मनाई केली होती, पण परदेशी स्त्रियांना नव्हती. तेव्हा भारतातील गरीब स्त्रियांना सीमेपलीकडे नेण्यात आले. एप्रिल २०१५ मध्ये काठमांडूत भूकंप झाला. इस्रायलने आपल्या नागरिकांची नवजात बालके विमानाने मायदेशी नेली. त्या बालकांना जन्म देणाऱ्या, अजून ओल्या बाळंतीण असलेल्या स्त्रियांच्या नशिबी तसले विमान नव्हते. त्याच वर्षी नेपाळने हा व्यवहार बंद केला, आणि वर्षअखेरीस भारताने सर्वच परदेशीयांना दार बंद केले.

ह्यानंतर कायदा आला. २०१६ पासून विधेयके मांडली गेली, एक लोकसभेच्या मुदतीबरोबर रद्द झाले, एक राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले, आणि अखेरीस सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. ह्या कायद्यान्वये पैसे देऊन केलेली सरोगसी हा गुन्हा आहे. तो चालविणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परवानगी आहे ती केवळ परोपकारी सरोगसीला, म्हणजे वैद्यकीय खर्च, नियमांनी ठरविलेला इतर खर्च आणि विमा ह्यांखेरीज त्या स्त्रीला काहीही न देता केलेल्या सरोगसीला.

आता पात्रता. कार्यकर्त्यांना लोक हेच विचारतील, म्हणून हा भाग नीट ऐका. दाम्पत्य कायदेशीर रीतीने विवाहित असले पाहिजे. पत्नीचे वय २३ ते ५०, पतीचे २६ ते ५५. त्यांना हयात मूल नसावे, मग ते पोटचे असो, दत्तक असो वा सरोगसीचे असो. अपवाद एकच, ते मूल शारीरिक अथवा मानसिकदृष्ट्या अपंग असेल किंवा त्याला कायमचा इलाज नसलेला जीवघेणा आजार असेल तर. एकट्या स्त्रीपैकी फक्त विधवा आणि घटस्फोटिता, त्याही ३५ ते ४५ वयाच्या. शिवाय वैद्यकीय कारण हवे. गर्भाशय नसणे किंवा काढलेले असणे, वारंवार गर्भपात होणे, कृत्रिम गर्भधारणेचे प्रयत्न पुनःपुन्हा फसणे, गर्भारपण जिवावर बेतेल असा आजार असणे, अशी ती कारणे आहेत. त्याचे प्रमाणपत्र जिल्हा वैद्यकीय मंडळ देते. मुलाचे पालकत्व आणि ताबा ह्यांविषयी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांचा अथवा त्यांच्या वरच्या न्यायालयाचा आदेश आधीच मिळवावा लागतो. जन्मलेले मूल त्या दाम्पत्याचे पोटचे मूल मानले जाते आणि त्याला सर्व वारसाहक्क मिळतात. ते मुलगी आहे, अपंग आहे असल्या सबबीवर त्याला टाकून देता येत नाही. ही तरतूद निर्विवाद चांगली आहे.

सरोगेट माता होणारी स्त्री २५ ते ३५ वयाची, विवाह झालेली आणि स्वतःचे मूल असलेली पाहिजे. आयुष्यात एकदाच तिला हे करता येते, आणि त्यासाठीही गर्भ रुजविण्याचे प्रयत्न तीनपेक्षा अधिक होता कामा नयेत. बीज तिचे स्वतःचे असता कामा नये. एका वेळी सामान्यतः एकच भ्रूण ठेवावयाचा. गर्भ रुजविण्यापूर्वी केव्हाही तिला संमती मागे घेता येते. गर्भपात तिच्या लेखी संमतीवाचून होऊ शकत नाही. तिच्यासाठी ३६ महिन्यांचा विमा उतरवावा लागतो. आधीच्या विधेयकात तो सोळाच महिन्यांचा होता, प्रवर समितीने वाढविला.

ह्या यादीतून कोण वगळले गेले ते पाहा. अविवाहित स्त्री वगळली. एकटा पुरुष वगळला. विवाहाविना एकत्र राहणारी जोडपी वगळली. समलिंगी जोडपी तर, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या विवाहाला मान्यता नाकारल्यानंतर, दाराशीही उभी राहू शकत नाहीत. गंमत अशी की, ह्याच दिवशी अमलात आलेला दुसरा कायदा, कृत्रिम प्रजनन तंत्राचा, २१ वर्षांवरील कोणत्याही स्त्रीला, मग ती अविवाहित का असेना, दात्याचे बीज घेऊन आई होऊ देतो. म्हणजे तिचे गर्भाशय धडधाकट असेल तर शासनाला तिच्या अविवाहितपणाचे वावडे नाही; ते निकामी झाले की मात्र शासनाला एकाएकी संस्कृती आठवते. हे दोन्ही कायदे एकाच संसदेने एकाच अधिवेशनात केले.

पण मला सर्वांत अधिक बोचते ते परित्यक्तेचे वगळणे. परित्यक्तांचा प्रश्न महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकात ऐरणीवर आणला तो समाजवादी चळवळीतील कार्यकर्त्यांनी. नवऱ्याने टाकलेली स्त्री विधवा नसते आणि घटस्फोटिताही नसते. कागदोपत्री ती सौभाग्यवतीच. म्हणून मूल मागावयास ती अपात्र. तथापि दुसऱ्याचे मूल पोटात वाढविण्यासाठी कायद्याला हवी आहे ती कधीकाळी विवाह झालेली आणि मूल असलेली स्त्री. त्या कसोटीला परित्यक्ता पुरेपूर उतरते. कूस देण्यास पात्र आणि कूस मागण्यास अपात्र, अशी ही तिची स्थिती.

बीजाविषयीचा गोंधळ थोडक्यात सांगतो. मार्च २०२३ मधील नियमदुरुस्तीने दोन्ही बीजे दाम्पत्याचीच हवीत असे ठरविले. जिला जन्मतःच अंडाशयाचा दोष आहे तिने काय करावे, ह्याचा विचार कोणी केला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने काही स्त्रियांना दिलासा दिला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून, जिल्हा वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र असल्यास, दोहोंपैकी एक बीज दात्याचे चालेल असे केले. एकट्या स्त्रीने मात्र स्वतःचेच अंडबीज वापरले पाहिजे. वयाच्या अटीविषयीही, ज्यांनी कायदा येण्यापूर्वीच भ्रूण तयार करून गोठवून ठेवले होते त्यांना ती अट लावता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. तुमच्याकडे असे कोणी आले तर हा निर्णय अवश्य दाखवा.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. समाजवाद्याने ह्या कायद्याकडे कसे पाहावे? पहिली प्रतिक्रिया स्वागताचीच होईल. बाजाराने सर्व काही गिळावे हे आपल्याला मान्य नाही. स्त्रीचे शरीर तर नाहीच नाही. १९७० साली रिचर्ड टिटमस ह्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने रक्तदानाचा अभ्यास करून दाखविले की, जेथे रक्त विकले जाते तेथे ते अधिक दूषित असते, कारण पैशासाठी रक्त देणारा आपला आजार लपवतो. दान हे बाजाराहून केवळ नैतिकदृष्ट्याच नव्हे तर व्यवहारातही सरस ठरते, असा त्याचा सिद्धान्त. केनेथ ॲरोसारख्या अर्थशास्त्रज्ञाने त्याच्याशी वाद घातला. तो वाद मी वर्षानुवर्षे वर्गात शिकविला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली रक्ताच्या विक्रीविरुद्ध निर्णय दिला आणि १९९८ पासून धंदेवाईक रक्तदाते बंद झाले. हे योग्यच झाले.

परंतु रक्ताची बाटली देणे आणि नऊ महिने गर्भ वाहणे ह्यांत फरक आहे. रक्त दिल्यावर माणूस चहा पिऊन कामावर जातो. गर्भारपण हे श्रम आहेत. दिवसाचे चोवीस तास, सुट्टीवाचून, आणि जिवाला धोका पत्करून केलेले. ह्या देशात बाळंतपणात बायका मरतात. तेव्हा तुलना करावयाची तर ती रक्ताशी नव्हे, विनावेतन कामाशी केली पाहिजे. स्वयंपाक, झाडलोट, म्हाताऱ्यांची सेवा, मुलांचे संगोपन, हे स्त्रीने प्रेमापोटी करावयाचे असते म्हणून त्याला मोल नाही, असे सांगणाऱ्यांशी आपण इतकी वर्षे भांडत आलो. त्या यादीत कायद्याने आणखी एका कामाची भर घातली आहे.

ह्या व्यवहारात कोणाकोणाला पैसे मिळतात ते मोजून पाहा. डॉक्टरला मिळतात. प्रयोगशाळेला मिळतात, औषध कंपनीला मिळतात, रुग्णालयाला खोलीचे भाडे मिळते, विमा कंपनीला हप्ता मिळतो, वकिलाला फी मिळते. कायद्याने परोपकार फक्त एकीवर सोपविला आहे, आणि ती सर्वांत गरीब आहे. बाजार बंद केला असे सरकार म्हणते. वास्तविक बाजार सगळा चालू आहे, फक्त मजुरी शून्य केली आहे.

अशा वेळी काय घडते, हे मूत्रपिंडाच्या बाबतीत आपण पाहिले. १९९४ च्या कायद्याने अवयवांची विक्री बंद केली आणि जवळच्या नातलगांना, तसेच आपुलकीपोटी देणाऱ्यांना, परवानगीच्या अधीन राहून मुभा ठेवली. परिणामी नातलग तयार करण्याचा नवा धंदा निघाला. २०१६ साली मुंबईतील एका रुग्णालयात खोटी पत्नी उभी करून मूत्रपिंड बसविण्याचा प्रकार उघडकीस आला. किंमत चोरवाटेने जाते, आणि चोरवाटेने गेलेल्या पैशातला मोठा हिस्सा दलालाच्या खिशात राहतो. फसविल्या गेलेल्या स्त्रीला तक्रार करावयाची सोय उरत नाही; तक्रार केली की ती स्वतःच बेकायदा व्यवहाराची कबुली ठरते.

आणि जेथे खरोखरच पैसे दिले जात नाहीत तेथे काय होते? फुकट गर्भ वाहावयास परकी स्त्री येणार नाही, हे उघड आहे. तेव्हा मागणी घराकडे वळते. आपल्या कुटुंबात नकार देण्याची सोय कोणाला असते? थोरल्या जावेला मूल होत नाही. धाकटी जाऊ दोन लेकरांची आई आहे, वय तीस, माहेर गरीब. सासूने एकदा सुचविले, नवऱ्याने एकदा डोळे वटारले, की तिची लेखी आणि संपूर्ण माहितीनिशी संमती तयार होते. कायद्यात सक्तीविषयी एक कलम आहे खरे. स्त्रीवर पतीने, दाम्पत्याने वा नातलगाने सक्ती केली असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ते म्हणते. परंतु ते गृहीतक कायद्याने मान्य न केलेल्या हेतूंच्या सरोगसीपुरतेच आहे. सर्व कागदपत्रे रीतसर असलेल्या परोपकारी प्रकरणात धाकट्या जावेवर सक्ती झाली असेल, तर ह्या गृहीतकाचा तिला उपयोग नाही. पुराणात देवकीचा सातवा गर्भ योगमायेने रोहिणीच्या उदरात नेऊन ठेवला, असा दाखला ह्या विषयावरील सभांतून हटकून दिला जातो. रोहिणीला कोणी विचारले होते काय, हे मात्र कोणी सांगत नाही.

मग पुन्हा आणंदचा बाजार उघडावयाचा काय? मुळीच नाही. त्या बाजारातही बाईला मिळणारी रक्कम हा एकूण खर्चाचा लहानसा भाग असे, आणि महिनोन्महिने तिला घरापासून दूर वसतिगृहात ठेवले जाई. कर्ज फेडण्यासाठी कूस देणे ह्याला मी स्वातंत्र्य म्हणत नाही. आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांनी पाळीच्या दिवसांत खाडा होऊ नये, मुकादमाचा दंड पडू नये म्हणून गर्भाशये काढून घेतल्याची प्रकरणे २०१९ साली विधिमंडळात गाजली. त्यांनीही संमतिपत्रावर सही अथवा अंगठा दिलाच होता. गरिबीने दिलेल्या संमतीची किंमत काय, हे आपल्याला बाहेरच्यांनी शिकवावयास नको.

वाट ह्या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ती कोणी दाखविली नाही असेही नाही. संसदेच्या स्थायी समितीने २०१७ सालच्या १०२ व्या अहवालात परोपकाराची कल्पना नाकारून भरपाईच्या तत्त्वाचा स्पष्ट पुरस्कार केला होता. बुडालेली मजुरी, मुलांच्या देखभालीचा खर्च, बाळंतपणानंतरची काळजी, ह्या सर्वांची भरपाई. सरकारने ते मानले नाही. ब्रिटनने १९८५ साली दलालीचा धंदा गुन्हा ठरविला, पण स्त्रीला वाजवी खर्च देण्यास न्यायालये आडकाठी करीत नाहीत. इस्रायलमध्ये १९९६ पासून प्रत्येक करार सरकारी समितीपुढे मंजुरीसाठी ठेवावा लागतो आणि मोबदलाही तिच्या देखरेखीखाली दिला जातो. ह्यांतील कोणतीही पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही.

माझी सूचना अशी. भरपाईची रक्कम कायद्याने ठरवावी, ती किमान वेतनाशी निगडित असावी, आणि दाम्पत्याने ती स्त्रीच्या हाती न देता जिल्हा प्राधिकरणाकडे भरावी. प्राधिकरणाने ती तिच्या, केवळ तिच्याच, खात्यात जमा करावी. गर्भ टिकला नाही तरी ती मिळाली पाहिजे, कारण भरपाई श्रमाची आहे, मुलाची नव्हे. दलालाला जागाच उरू नये. आणि ही सारी प्रक्रिया सार्वजनिक रुग्णालयांत व्हावी. के.ई.एम. चा उल्लेख मी केला तो ह्यासाठी. जे तंत्र मुंबईकरांच्या करांवर चालणाऱ्या रुग्णालयात रुजले, ते पुढे खाजगी दवाखान्यांनी सोन्याच्या भावाने विकले. गोव्याने २०२३ साली आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कृत्रिम गर्भधारणेचे मोफत उपचार सुरू केले. एवढ्याशा राज्याला जे जमते ते महाराष्ट्राला का जमू नये? वंध्यत्व काही श्रीमंतांनाच होते असे नाही. गरीब घरातील वांझ म्हणून हिणविली जाणारी स्त्री तर दुप्पट भोगते.

रजेचाही प्रश्न आहे. जून २०२४ पासून केंद्र सरकारी नोकरीतील सरोगेट मातेला आणि मूल स्वीकारणाऱ्या मातेला प्रत्येकी १८० दिवसांची, पित्याला १५ दिवसांची रजा मिळते. खाजगी नोकरीत मूल स्वीकारणाऱ्या मातेला २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवडे दिले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते कायम ठेवले. पण सरोगेट माता होणारी स्त्री केंद्र सरकारी नोकरीत असण्याचा संभव किती? ती शेतमजूर असेल, धुणीभांडी करीत असेल, विडी वळीत असेल. तिला कोण रजा देणार?

कार्यकर्त्यांनी तूर्त काय करावे, हे सांगून थांबतो. आपल्या जिल्ह्यात जिल्हा वैद्यकीय मंडळ प्रत्यक्ष बसते काय, किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. प्रसवपूर्व लिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली महाराष्ट्राने देशात प्रथम कायदा केला तो कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे; पण त्याची अंमलबजावणी पुढे कागदावरच राहिली, कारण तपासणीचे काम आपण अधिकाऱ्यांवर सोडून दिले. येथे विशेष पाहावयाचे ते विम्याचे. ३६ महिन्यांचा विमा कोणत्या कंपनीने उतरवला, हप्ता पूर्ण भरला काय, आणि ती पॉलिसी मराठीत समजावून त्या स्त्रीच्या हाती दिली काय, की दवाखान्याच्या कपाटात ठेवली, एवढे तीन प्रश्न घेऊन प्रत्येक नोंदणीकृत केंद्रात महिला आघाडीने जावे. स्त्रियांची नावे विचारू नयेत. गोपनीयता तिचा हक्क आहे. फक्त पॉलिसी कोठे आहे ते विचारावे.